वर्गाध्यापनातील अशाब्दिक संप्रेषण : नजर, अंतर आणि विराम

प्रस्तावना

अध्यापन ही मूलतः संप्रेषणाची प्रक्रिया आहे, हे विधान शिक्षणशास्त्राच्या बहुतेक पाठ्यपुस्तकांत आढळते. मात्र या संप्रेषणाचा विचार करताना शिक्षक काय बोलतो यावरच प्रामुख्याने भर दिला जातो. पाठटाचण, आशयाची मांडणी, प्रश्नांची रचना, भाषेची शुद्धता यांची सविस्तर चर्चा होते. तेच शब्द उच्चारताना शिक्षक कोठे उभा होता, कोणाकडे पाहत होता, प्रश्न विचारल्यानंतर किती वेळ थांबला आणि चुकीचे उत्तर आल्यावर त्याच्या चेहऱ्यावर काय उमटले, याची नोंद क्वचितच घेतली जाते. वस्तुतः विद्यार्थी शिक्षकाचे बोलणे ऐकत असतो त्याच वेळी तो शिक्षकाला पाहतही असतो. शब्द आणि मुद्रा यांत विसंगती आढळली तर तो बहुधा मुद्रेवर विश्वास ठेवतो.

शब्दावाचून होणाऱ्या या व्यवहाराचे भान भारतीय परंपरेला प्राचीन काळापासून आहे. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक असे अभिनयाचे चार प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकी केवळ वाचिक अभिनय शब्दांवर आधारलेला आहे. मराठी भाषेनेही हे ज्ञान आपल्या वाक्प्रचारांत साठवून ठेवले आहे. डोळे वटारणे, नाक मुरडणे, भुवया उंचावणे, कपाळाला आठ्या घालणे, पाठ फिरवणे, काणाडोळा करणे अशा कितीतरी वाक्प्रचारांत शरीराची एक हालचाल आणि तिचा सामाजिक अर्थ एकत्र आलेला दिसतो. यांतील अनेक कृती वर्गातही घडतात आणि विद्यार्थी त्यांचा अर्थ अचूक लावतात.

अशाब्दिक संप्रेषणाकडे सामान्यतः व्याख्यान प्रभावी करण्याचे साधन म्हणून पाहिले जाते. प्रस्तुत लेखातील मांडणी थोडी वेगळी आहे. महाविद्यालयीन वर्गात शिक्षकाची नजर, त्याने राखलेले अंतर आणि त्याचे थांबणे यांतून बोलण्याची व विचार करण्याची संधी कोणाला मिळणार हे ठरत असते. संधीचे हे वाटप बहुतेक वेळा नकळत होते आणि म्हणूनच ते तपासून पाहणे आवश्यक ठरते.

संकल्पना व व्याप्ती

शब्दांखेरीज अन्य मार्गांनी होणारी अर्थाची देवाणघेवाण म्हणजे अशाब्दिक संप्रेषण होय. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या विषयाचा पद्धतशीर अभ्यास सुरू झाला. रे बर्डव्हिसल यांनी १९५२ मध्ये शरीराच्या हालचालींच्या अभ्यासाला स्वतंत्र शास्त्राचे रूप देण्याचा प्रयत्न केला. एडवर्ड हॉल यांनी १९६६ मधील ग्रंथात व्यक्ती परस्परांमध्ये राखत असलेल्या अंतराचा अर्थ उलगडून दाखवला. पॉल एकमन आणि वॉलेस फ्रीसन यांनी १९६९ मध्ये अशाब्दिक वर्तनाचे त्याच्या कार्यानुसार वर्गीकरण केले. वर्गाच्या संदर्भात या संप्रेषणाचे प्रमुख घटक पुढीलप्रमाणे सांगता येतील :

१. दृष्टिसंपर्क व मुखमुद्रा
२. हातवारे व शरीराची ठेवण
३. शिक्षक व विद्यार्थी यांतील अंतर आणि वर्गातील आसनव्यवस्था
४. आवाजाची पट्टी, चढउतार व गती
५. विराम आणि मौन

अध्यापक शिक्षणात हे घटक पूर्णतः दुर्लक्षित राहिले असे म्हणता येणार नाही. सूक्ष्म अध्यापनातील चेतक बदल कौशल्यात शिक्षकाची हालचाल, हावभाव, आवाजातील बदल आणि विराम यांचा समावेश होतो. परंतु तेथे त्यांचा हेतू विद्यार्थ्यांचे लक्ष टिकवणे एवढाच मानला जातो. दुसरीकडे, वर्गनिरीक्षणासाठी सुपरिचित असलेली नेड फ्लँडर्स यांची आंतरक्रिया विश्लेषण पद्धती पाहिली तर तिच्या दहा वर्गांपैकी सात शिक्षकाच्या बोलण्यासाठी आणि दोन विद्यार्थ्याच्या बोलण्यासाठी आहेत. उरलेल्या दहाव्या वर्गात शांतता आणि गोंधळ यांना एकत्र बसवले आहे. विचारमग्न शांतता आणि निरर्थक गोंधळ यांची नोंद एकाच आकड्याने होत असेल, तर शांततेत काय घडले हे त्या नोंदीतून कळणे शक्य नाही.

दोन गैरसमज

या विषयावरील अनेक लेखांत व प्रशिक्षण वर्गांत एक आकडेवारी वारंवार उद्धृत केली जाते : संप्रेषणात शब्दांचा वाटा ७ टक्के, आवाजाचा ३८ टक्के आणि मुखमुद्रेचा ५५ टक्के असतो. म्हणजेच संप्रेषणाचा ९३ टक्के भाग अशाब्दिक असतो, असा निष्कर्ष काढला जातो. हे आकडे आल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ मधील दोन प्रयोगांवर आधारलेले आहेत. त्या प्रयोगांत सुटे शब्द निरनिराळ्या स्वरांत ऐकवून वा चेहऱ्याच्या छायाचित्रांसह सादर करून, बोलणाऱ्याला समोरची व्यक्ती आवडते की नाही याचा अंदाज श्रोत्यांना करावयास सांगितले होते. हे प्रमाण केवळ भावना व आवडनिवड यांच्या संप्रेषणापुरते आहे, असे स्वतः मेहराबियन यांनीही स्पष्ट केले आहे. अर्थशास्त्रातील सीमांत उपयोगितेचा नियम किंवा रसायनशास्त्रातील एखादी अभिक्रिया ९३ टक्के मुद्रेने शिकवता येईल, असा त्याचा अर्थ होत नाही. शिक्षकाच्या देहबोलीचे महत्त्व सिद्ध करण्यासाठी या आकड्यांचा आधार घेणे शास्त्रीय दृष्ट्या योग्य ठरत नाही.

आकर्षक देहबोली म्हणजे परिणामकारक अध्यापन, हा दुसरा गैरसमज होय. नलिनी अंबाडी आणि रॉबर्ट रोझेन्थाल यांनी १९९३ मध्ये एक लक्षणीय अभ्यास प्रसिद्ध केला. विद्यापीठातील शिक्षकांच्या अध्यापनाच्या प्रत्येकी दहा सेकंदांच्या तीन मूक चित्रफिती अपरिचित व्यक्तींना दाखवण्यात आल्या. केवळ तेवढ्यावरून त्यांनी शिक्षकांविषयी केलेले मूल्यमापन आणि संपूर्ण सत्र शिकलेल्या विद्यार्थ्यांचे मूल्यमापन यांत मोठे साम्य आढळले. देहबोलीचा ठसा किती लवकर उमटतो हे यावरून दिसते. तथापि या अभ्यासातून विद्यार्थ्यांना शिक्षक कसा वाटला हे कळते. ते किती शिकले, हा प्रश्न स्वतंत्र आहे.

शाना कार्पेंटर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये नेमका हाच प्रश्न तपासला. एकच आशय दोन प्रकारे सादर केलेल्या चित्रफिती त्यांनी विद्यार्थ्यांना दाखवल्या. एकीत व्याख्याती ताठ उभी राहून, समोर पाहत, टिपणाविना बोलत होती. दुसरीत तीच व्याख्याती खाली वाकून, टिपणात पाहत, अडखळत बोलत होती. पहिली चित्रफीत पाहणाऱ्यांना आपण अधिक शिकलो असे वाटले. प्रत्यक्ष चाचणीत मात्र दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. विद्यार्थ्यांच्या अभिप्रायाला महाविद्यालयीन मूल्यमापनात वाढते स्थान मिळत असताना प्राध्यापकांनी या निष्कर्षाची विशेष दखल घ्यावयास हवी. सफाईदार सादरीकरणाने समाधान वाढते, परंतु ज्ञान वाढेलच असे नाही. त्यामुळे शिक्षकाचे अशाब्दिक वर्तन विद्यार्थ्याला विचार करण्यास व बोलण्यास प्रवृत्त करते का, हा अधिक मूलभूत प्रश्न ठरतो.

नजर आणि अपेक्षा

वर्गात शिक्षकाची नजर सर्वत्र सारखी फिरत नाही. जो विद्यार्थी मान डोलावतो, ज्याचा चेहरा समजल्याची ग्वाही देतो, त्याच्याकडे ती पुनःपुन्हा वळते. शिक्षकालाही प्रतिसादाची गरज असल्याने हे स्वाभाविक आहे. परंतु त्याचा परिणाम असा होतो की, ज्याला समजले आहे त्याच्यासाठी वर्ग पुढे सरकतो आणि ज्याला समजलेले नाही तो नजरेच्या कक्षेबाहेर राहतो.

रॉबर्ट रोझेन्थाल आणि लेनोर जेकबसन यांनी १९६८ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग या संदर्भात सर्वपरिचित आहे. अमेरिकेतील एका प्राथमिक शाळेत, काही विद्यार्थी येत्या वर्षात विशेष बौद्धिक प्रगती करतील असे शिक्षकांना सांगण्यात आले. प्रत्यक्षात ही नावे यादृच्छिक पद्धतीने निवडलेली होती. वर्षअखेरीस खालच्या इयत्तांतील अशा विद्यार्थ्यांच्या बुद्धिमापन चाचणीत अधिक वाढ नोंदवली गेली. या प्रयोगाच्या मापनपद्धतीवर पुढे गंभीर आक्षेप घेतले गेले आणि अपेक्षांचा परिणाम आरंभी मानला गेला तेवढा मोठा नसतो, असेही नंतरच्या संशोधनातून पुढे आले. तरीही अपेक्षा विद्यार्थ्यापर्यंत कशी पोहोचते, या प्रश्नाला रोझेन्थाल यांनी दिलेले उत्तर आजही उपयुक्त आहे. त्यांनी चार मार्ग सांगितले : शिक्षकाने निर्माण केलेले भावनिक वातावरण, दिलेला प्रत्याभरण, पुरवलेला आशय आणि प्रतिसादासाठी दिलेली संधी. यांतील पहिला मार्ग जवळजवळ संपूर्णपणे अशाब्दिक आहे आणि चौथ्यातही नजर व विराम यांचा मोठा वाटा असतो. 'तुला हे जमणार नाही' असे बहुतेक शिक्षक कधीच बोलत नाहीत. ज्याच्याकडून अपेक्षा नाही त्याच्याकडे पाहणे कमी होते, स्मित कमी होते, प्रश्न त्याच्यापर्यंत पोहोचत नाही आणि विद्यार्थ्याला जे समजावयाचे ते समजते.

चुकीच्या उत्तराचा क्षण येथे निर्णायक असतो. उत्तर ऐकताच फळ्याकडे वळणे, दुसऱ्या विद्यार्थ्याकडे पाहणे किंवा वर्गातील हशात ओझरते सामील होणे या कृती क्षणभराच्या असतात. त्या विद्यार्थ्याने पुन्हा बोलावे की नाही याचा निर्णय मात्र बहुधा त्याच क्षणी होतो. घरातून महाविद्यालयात पाऊल टाकणारा जो पहिलाच आहे, ज्याची बोली प्रमाण मराठीहून वेगळी आहे किंवा ज्याला इंग्रजी माध्यमातील संज्ञा उच्चारण्याचा संकोच वाटतो, त्याच्यासाठी ही जोखीम इतरांहून मोठी असते.

अंतर आणि आसनव्यवस्था

जागा हाही एक संदेश असतो, याचा महाराष्ट्रातील सर्वांत वेदनादायी दाखला डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या आत्मकथनात्मक लेखनात सापडतो. 'वेटिंग फॉर अ व्हिजा' मध्ये त्यांनी आपल्या शालेय दिवसांचे वर्णन केले आहे. वर्गात इतर मुलांमध्ये बसण्याची मुभा त्यांना नव्हती. कोपऱ्यात वेगळे बसावे लागे आणि बसण्यासाठीचे गोणपाट रोज घरून आणून सायंकाळी परत न्यावे लागे. त्या वर्गात एकही शब्द उच्चारला गेला नसता तरी त्या गोणपाटाने सांगावयाचे ते सांगितलेच असते.

आज अशी व्यवस्था कायद्याने निषिद्ध आहे. तथापि वागणुकीतील सूक्ष्म अंतराचा प्रश्न संपलेला नाही. नवी दिल्ली येथील अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांच्या तक्रारींसंदर्भात प्रा. सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखाली २००६ मध्ये समिती नेमण्यात आली. २००७ मध्ये सादर झालेल्या तिच्या अहवालात शिक्षकांकडून मिळणाऱ्या वेगळ्या वागणुकीबाबत विद्यार्थ्यांनी मांडलेले अनुभव नोंदवले आहेत. असा भेदभाव उघड शब्दांत क्वचितच व्यक्त होतो. टाळलेला संपर्क आणि आखडता घेतलेला संवाद यांतून तो जाणवतो.

सर्वसाधारण वर्गाच्या रचनेतही अंतराचा प्रश्न दडलेला आहे. हॉल यांनी व्यक्तिव्यक्तींमधील अंतराचे चार पट्टे सांगितले : सुमारे दीड फुटापर्यंत निकटचे, दीड ते चार फुटांपर्यंत वैयक्तिक, चार ते बारा फुटांपर्यंत सामाजिक आणि बारा फुटांपलीकडे सार्वजनिक. ही मापे त्यांनी प्रामुख्याने अमेरिकी मध्यमवर्गीयांच्या निरीक्षणातून मांडली असल्याने ती भारतीय समाजाला जशीच्या तशी लागू करता येणार नाहीत. परंतु त्यामागील तत्त्व सर्वत्र जाणवते. व्यासपीठावर उभा असलेला शिक्षक पहिल्या दोन बाकांशी संवाद साधत असतो आणि शेवटच्या बाकांसमोर भाषण करत असतो. रेमंड अ‍ॅडम्स आणि ब्रूस बिडल यांनी १९७० मध्ये वर्गांच्या चित्रफितींचे विश्लेषण केले असता बहुतांश आंतरक्रिया पुढील ओळ आणि मधली रांग यांतील विद्यार्थ्यांपुरती मर्यादित असल्याचे दिसून आले. पुढे व मध्ये बसणारा विद्यार्थी मुळातच उत्सुक असतो की तेथे बसल्यामुळे उत्सुक होतो, हा वादाचा मुद्दा आहे. शिक्षकाच्या हाती असलेला भाग मात्र स्पष्ट आहे. शिक्षक व्यासपीठावरून उतरून बाकांमधून चालू लागला की पुढील ओळीची जागा बदलते.

विराम : तीन सेकंदांचा प्रश्न

अशाब्दिक वर्तनाच्या सर्व घटकांत विरामावर सर्वांत कमी लक्ष दिले जाते. मेरी बड रो यांनी विज्ञानाच्या वर्गांचे ध्वनिमुद्रण करून त्यांतील विराम मोजले. त्यांचे १९७४ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष आजही विचार करावयास लावणारे आहेत. प्रश्न विचारल्यानंतर शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबत. तेवढ्यात उत्तर आले नाही तर प्रश्न दुसऱ्याकडे जाई किंवा शिक्षक स्वतःच उत्तर देत. विद्यार्थ्याने उत्तर दिल्यानंतरही शिक्षकाची प्रतिक्रिया तितक्याच घाईने येई.

शिक्षकांनी हे दोन्ही विराम तीन सेकंद किंवा त्याहून अधिक केले तेव्हा विद्यार्थ्यांची उत्तरे लांबली, निरुत्तर राहण्याचे प्रमाण घटले, न विचारताही विद्यार्थी बोलू लागले, त्यांचे स्वतःचे प्रश्न वाढले आणि पुराव्याच्या आधारे अनुमान मांडण्याची प्रवृत्ती बळावली. शिक्षकांचे प्रश्न संख्येने कमी झाले, पण अधिक विचारप्रवर्तक बनले. ज्यांच्याकडून शिक्षकांना अपेक्षा नव्हती असे विद्यार्थीही बोलू लागल्याने त्यांच्याविषयीच्या अपेक्षा बदलल्या, हा या संशोधनाचा सर्वांत मोलाचा निष्कर्ष म्हणता येईल. रो यांना असेही आढळले होते की, शिक्षक ज्यांना हुशार समजत त्यांच्या उत्तरासाठी ते इतरांच्या तुलनेत सुमारे दुप्पट वेळ थांबत. ज्याला वेळेची अधिक गरज, त्यालाच कमी वेळ, असा हा उलटा न्याय होता आणि त्याची जाणीव शिक्षकांना नव्हती.

मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला इंग्रजीत विचारलेला प्रश्न आधी समजून घ्यावा लागतो, मग उत्तराचा विचार करून ते पुन्हा इंग्रजीत मांडावे लागते. त्याच्यासाठी एक सेकंदाचा विराम हा नकारच असतो. 'कोणाला काही शंका?' असे विचारत फळा पुसण्यास वळणारा शिक्षक शब्दांनी शंका मागतो आणि पाठ फिरवून ती नाकारतो.

विद्यार्थ्यांची देहबोली आणि तिचे वाचन

संप्रेषण दुहेरी असते. सुझन गोल्डिन-मेडो यांनी १९८६ पासून प्रसिद्ध केलेल्या संशोधनातून मुलांच्या हातवाऱ्यांविषयी महत्त्वाची माहिती मिळते. उंच पेल्यातील पाणी रुंद भांड्यात ओतले की पाण्याचे प्रमाण बदलले का, असे विचारल्यावर काही मुले केवळ उंचीविषयी बोलत होती, परंतु त्यांचे हात मात्र भांड्याची रुंदी दाखवत होते. शब्द आणि हात यांत अशी तफावत असलेली मुले अध्यापनाचा लाभ अधिक घेऊ शकली. जे ज्ञान अद्याप शब्दांत आलेले नाही ते हातांत आधी येऊ शकते. फळ्यावरील आकृतीकडे बोट दाखवत अडखळणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाताकडेही शिक्षकाने म्हणूनच पाहिले पाहिजे.

या वाचनात सावधगिरीची गरज आहे. मान खाली घालून उभा राहणारा विद्यार्थी अनेक घरांतील शिकवणुकीनुसार आदर व्यक्त करत असतो. त्याला निष्काळजी वा अपराधी समजणे अन्यायाचे होईल. वर्गात एकही शब्द न बोलणारी विद्यार्थिनी विषयात मागे असतेच असे नाही. देहबोलीच्या संकेतांचा ठाम कोश नसतो. त्यांतून प्रश्न सुचतात, निर्णय देता येत नाहीत. मार्च २०२० नंतरच्या टाळेबंदीच्या काळात ऑनलाइन वर्गांमध्ये कॅमेरे बंद असताना अनेक प्राध्यापकांना रिकाम्या चौकटींसमोर बोलावे लागले. विद्यार्थ्यांच्या चेहऱ्यांवर अध्यापन किती अवलंबून असते, याची तीव्र जाणीव त्या काळाने करून दिली.

उपाययोजना

वरील विवेचनाच्या आधारे महाविद्यालयीन प्राध्यापकांना सहज करता येण्याजोग्या काही कृती पुढीलप्रमाणे :

१. प्रश्न विचारल्यानंतर मनात तीनपर्यंत आकडे मोजावेत. उत्तर आल्यानंतरही तितकेच थांबावे.
२. सहकारी प्राध्यापकास शेवटच्या बाकावर बसण्याची विनंती करावी. त्याने वर्गाच्या आसनव्यवस्थेचा कच्चा आराखडा काढून शिक्षकाची नजर व प्रश्न कोठे पोहोचले तेथे खुणा कराव्यात. तासाच्या शेवटी कोरा राहिलेला भाग बरेच काही सांगून जातो.
३. हजेरी केवळ क्रमांकाने न घेता शक्य तेव्हा नावाने घ्यावी आणि नाव घेताना विद्यार्थ्याकडे पाहावे.
४. तासाचा काही भाग व्यासपीठावरून खाली उतरून, वर्गाच्या मागील बाजूस उभे राहून घ्यावा.
५. चुकीच्या उत्तरानंतर नजर त्याच विद्यार्थ्यावर ठेवून त्यातील योग्य भागापासून पुढे जावे. वर्गातील हशात सामील होऊ नये.
६. शंका विचारल्यानंतर वर्गाकडे तोंड करून थांबावे. फळा पुसणे, पुस्तक मिटणे या कृती नंतर कराव्यात.

यांपैकी कोणत्याही कृतीसाठी निधी, उपकरणे वा अभ्यासक्रमात बदल यांची आवश्यकता नाही. मोठ्या पटसंख्येच्या वर्गात प्रत्येक विद्यार्थ्यापर्यंत रोज पोहोचणे शक्य होणार नाही, ही मर्यादा मान्य करावी लागेल. पण आठवडाभरात कोणता भाग सतत वगळला गेला, हे पाहणे शक्य आहे.

समारोप

अशाब्दिक संप्रेषण हा अध्यापनाचा अलंकार नाही. वर्गातील संधींचे वाटप त्याच्यामार्फत होते. सर्व विद्यार्थ्यांना समान प्रवेश देण्याचे तत्त्व महाविद्यालयाच्या कार्यालयात प्रवेशअर्जासोबत पूर्ण होत नाही. वर्गाच्या चार भिंतींत शिक्षकाची नजर कोठे थांबते, तो किती पावले पुढे येतो आणि अडखळणाऱ्या विद्यार्थ्यासाठी किती क्षण थांबतो, यावर त्या तत्त्वाची रोज परीक्षा होत असते. प्राध्यापकाच्या विषयज्ञानाला पर्याय नाही. मात्र ते ज्ञान शेवटच्या बाकापर्यंत पोहोचावे यासाठी आणखी दोन सेकंद थांबण्याची तयारी हवी.